मॉड्युलर हेल्मेट घेतलंत, पण नेमकं कुठलं?

ठाणे-बेलापूर रोडला सकाळी कुठल्याही सिग्नलला थांबा, आजूबाजूला चार-पाच जण तरी असे दिसतील की हेल्मेटचा पुढचा जबडा वर उचलून कपाळावर पत्र्याच्या शेडसारखा ठेवलाय आणि सिग्नल सुटला की तसेच सुसाट. मीही त्यातलाच होतो. रोज कळवा, विटावा, ऐरोली करत महापे, आणि चष्मा असल्यामुळे फुल फेस घालायचा-काढायचा वैताग, म्हणून मॉड्युलर घेतलं. दुकानदार म्हणाला सर बंद केलं की फुल फेस, उघडलं की हाफ, टू इन वन. मी खूश.

पण मॉड्युलर या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि बंद असताना दोन्ही सारख्याच दिसतात, घोळ तिथेच होतो.

एक फ्लिप-अप. याचा चिन बार, म्हणजे तो हनुवटीपुढचा जबडा, वर जातो आणि कपाळावर थांबतो, बस. बीएमडब्ल्यूने १९८१ मध्ये आणलेलं सिस्टिम हेल्मेट याच जातीचं, म्हणजे आयडिया काही कालची नाही. दुसरं फ्लिप-बॅक, याचा चिन बार पूर्ण १८० अंश फिरून डोक्याच्या मागे जाऊन बसतो, शार्क कंपनीचं इव्हो किंवा एलएस२ कंपनीचं व्हॅलियंट तसं.

आता फरक काय पडतो? ऐरोलीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि साठच्या वर गेलात की कपाळावरच्या त्या जबड्यात हवा भरते आणि मान मागे खेचली जाते, वजन सगळं वर आणि पुढे. मला तर महिनाभर वाटत होतं की उशी बदलायला पाहिजे, मान त्यामुळे दुखतेय. फ्लिप-बॅकमध्ये तो तुकडा मागे कवटीला चिकटून बसतो म्हणून हवा अडत नाही आणि तोलही बराच नीट राहतो.

खरी गोष्ट मात्र लेबलवर असते. हेल्मेटला युरोपचं ईसीई सर्टिफिकेट असेल तर पट्ट्यावर शिवलेलं एक छोटं लेबल सापडतं, गोलात ई आणि एक आकडा, शेजारी किंवा खाली लांबलचक नंबर, आणि त्या नंबरापाठोपाठ इंग्रजी पी किंवा जे. पी म्हणजे चिन बार बंद असताना हनुवटीचं संरक्षण टेस्ट झालंय. जे म्हणजे ओपन फेस म्हणून पास. दोन्ही अक्षरं असतील तरच ते उघडं ठेवून चालवायला पण मंजूर. फ्लिप-बॅक बहुतेक दोन्हीवाली असतात, फ्लिप-अपमध्ये मात्र नुसतं पी असलेली भरपूर मिळतात. माझ्यावर नुसतं पी होतं, म्हणजे टू इन वन वगैरे काही नाही, उघडायचं ते पेट्रोल पंपावर, पत्ता विचारायला, फार तर कटिंग प्यायला. आयएसआय मार्क तर हवाच, १ जून २०२१ पासून त्याशिवाय टू-व्हीलरचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, पण ते बघून हा उघडं-बंदचा प्रश्न सुटत नाही.

मग सगळ्यांनी फ्लिप-बॅकच घ्यावं का? तसंही नाही. ते महाग असतं, वजन दीड किलोच्या वर सहज जातं, आणि बिजागरी, दात, लॉक असे हलणारे पार्ट जास्त. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचा तो मातकट चिखल उडून त्या फटीत बसला की बार फिरताना करकर आवाज येतो, काहींमध्ये तर व्हायझरवर चरे पण पडतात. शिवाय आवाज आणि पाणी दोन्ही मॉड्युलरमध्ये साध्या फुल फेसपेक्षा जास्त आत येतं, जोड आहे म्हटल्यावर ते येणारच. हायवेच जास्त असेल तर माझं मत सरळ आहे, एकसंध फुल फेस घ्या आणि चष्म्याचा त्रास सोसा.

मी शेवटी फ्लिप-बॅकवर गेलो, कारण माझा प्रवास म्हणजे दर दोन मिनिटांनी सिग्नल. यावेळी दुकानात रेनकोटचे ग्लोव्ह्ज घेऊनच गेलो. ते घालून डाव्या हाताने बार उघडून पाहिला, पहिल्या दोन हेल्मेटांचं बटणच सापडेना, ती तिथेच शेल्फवर परत ठेवली.