लाइव्ह मायग्रेशनची पार्श्वभूमी: 2007 मध्ये वगळलेली सोय

चालू व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) एका होस्टवरून (तो चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरवरून) दुसऱ्यावर नेणे, म्हणजेच लाइव्ह मायग्रेशन, आता इतके अंगवळणी पडले आहे की नागपुरातल्या एखाद्या सहकारी बँकेत भर दुपारी अख्खा नोड (क्लस्टरमधला, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटातला, एक होस्ट) रिकामा केला, तरी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायझरच्या (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) क्लस्टरवर मात्र ही सोय 2009 पर्यंत नव्हती. जुन्या क्लस्टरमध्ये प्रत्येक व्हीएमला वेगळा लन (सामायिक साठ्यातून कापून दिलेली डिस्क) का, नोडची कामे रविवारी रात्रीच का, असे नवे लोक विचारतात. त्याचे उत्तर बहुतांशी त्या काळात सापडते.

कल्पना जुनीच आहे. काम सुरू ठेवून मेमरी पलीकडे पाठवत राहायची, तेवढ्यात बदललेली पाने (मेमरीचे तुकडे) पुन्हा पाठवायची आणि शेवटी उरलेल्या थोडक्या पानांपुरतेच काम थांबवायचे, ही युक्ती प्रोसेस हलवण्यासाठी 1985 मध्येच मांडली गेली होती. व्हीएमवेअर कंपनीचे लाइव्ह मायग्रेशन, व्हीमोशन, 2003 मध्ये आले. 2005 मध्ये झेन या हायपरवायझरवर क्वेक 3 या गेमचा सर्व्हर खेळ सुरू असतानाच हलवून दाखवला गेला आणि त्यात सेवा थांबली ती 60 मिलिसेकंदांच्या आसपास.

हे सगळे डोळ्यांसमोर असताना मे 2007 मध्ये जाहीर झाले की विंडोज सर्व्हर 2008 सोबत येणाऱ्या हायपर-व्हीत लाइव्ह मायग्रेशन नसेल. प्रकाशनाची तारीख गाठायची म्हणून ते पुढच्या आवृत्तीवर ढकलले गेले. त्याच्या जागी मिळाले क्विक मायग्रेशन. यात व्हीएमची मेमरी सामायिक डिस्कवर उतरवायची, डिस्कची मालकी दुसऱ्या नोडकडे द्यायची आणि तिथे मेमरी परत उचलायची. 4 जीबी रॅमचा व्हीएम 1 गिगाबिटच्या आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची पद्धत) जोडणीवर असेल, तर लिहायला पस्तीसेक सेकंद आणि वाचायला तेवढेच. एवढ्या वेळात डेटाबेसची सेशन्स तुटतात, अकाउंटिंगचे सॉफ्टवेअर पुन्हा लॉगिन मागते आणि मग फोन सुरू होतात.

त्यात डिस्कचा घोळ वेगळाच. एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) व्हॉल्यूमवर एका वेळी एकाच नोडची मालकी असायची. एका लनवर दोन व्हीएम ठेवले, तर एक हलवताना दुसराही सोबत जाणार. म्हणून दर व्हीएमला एक लन, दर लनला एक ड्राइव्ह लेटर, आणि अक्षरे संपली की माउंट पॉइंट (अक्षराऐवजी फोल्डरला जोडलेली डिस्क) किंवा जीयूआयडीचे (ओळख क्रमांकाचे) लांबलचक पत्ते. त्या काळातले सॅनचे (सामायिक डिस्कसाठ्याचे) कागद कुठे शिल्लक असतील तर उघडून पाहावेत. वीस-वीस गिगाबाइटचे तुकडे पाडलेले दिसतील.

समर्थनही झाले. देखभाल ठरवूनच होते, ती रात्री करा, मिनिटभराच्या थांब्याने काय बिघडते, असा सूर होता. किमतीचा मुद्दाही खरा होता. व्हीमोशनसाठी वेगळा परवाना लागे, हायपर-व्ही सर्व्हरच्या परवान्यातच मिळे. लहान कार्यालयांना क्लस्टर परवडला त्यात याचा हात होता, हे नाकारता येत नाही.

पण ‘रात्री करा’ हे सांगणाऱ्याने नागपूरचा मे पाहिलेला नव्हता. पारा पंचेचाळिशीपलीकडे गेला की सर्व्हर रूमचा एसी दुपारी तीनला मान टाकतो. नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) मेंटेनन्स विंडोची वाट पाहत नाही. अशा वेळी उपाय एकच: व्हीएम दोन-तीन होस्टवर गोळा करायचे, बाकीचे होस्ट बंद करून उष्णता कमी करायची. वीज गेल्यावर यूपीएस पुरवून वापरायलाही हेच करतात, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत ते वारंवार करावे लागे. हे कामकाजाच्या वेळेतच करावे लागते, आणि तिथेच क्विक मायग्रेशन तोकडे पडे. होस्ट अचानक मेला तर लाइव्ह मायग्रेशनही काही करू शकत नाही, व्हीएम दुसरीकडे नव्याने सुरू होतो, हे खरे. पण आमच्याकडे होस्ट मरण्याआधी बहुधा तापतो.

2009 च्या विंडोज सर्व्हर 2008 आर2 ने दोन्ही गाठी सोडवल्या: लाइव्ह मायग्रेशन आले आणि क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूममुळे (सर्व नोडना एकाच वेळी वापरता येणाऱ्या व्हॉल्यूममुळे) एका लनवर अनेक व्हीएम ठेवून ते सुटे हलवता येऊ लागले. तरी एक होस्ट एका वेळी एकाच स्थलांतरात भाग घेऊ शके. बाकीचे व्हीएम रांगेत. बॅकअप सुरू झाला की इतर नोडचे लेखन-वाचन नेटवर्कवरून व्हॉल्यूमच्या मालक नोडमार्फत वळायचे आणि सगळे मंदावायचे. ‘शेअर्ड व्हॉल्यूम नको रे बाबा’ ही धास्ती तिथलीच, आणि 2012 च्या आवृत्तीत हे दुखणे दूर झाल्यावरही ती टिकली.

2012 मध्ये एकाच वेळी अनेक व्हीएम हलवणे आणि सामायिक डिस्कशिवाय हलवणे शक्य झाले. 2012 आर2 मध्ये मेमरी दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवणे आले. प्रोसेसरची अट मात्र तशीच आहे. एकाच कंपनीच्या दोन पिढ्या सुसंगतता मोडने (नव्या प्रोसेसरची जादा वैशिष्ट्ये व्हीएमपासून लपवून) जुळवता येतात, पण इंटेलवरून एएमडीवर चालू व्हीएम जात नाही. दर निविदेत स्वस्त पडेल तो सर्व्हर घेणाऱ्या कार्यालयांचा एक क्लस्टर म्हणूनच दोन बेटांत वाटला जातो.

2023 च्या अखेरीस व्हीमोशनच्या घराण्याची, म्हणजे व्हीएमवेअरची, मालकी बदलली, कायमचे परवाने जाऊन वर्गणी आली, आणि अनेकांनी हायपर-व्ही किंवा केव्हीएम या लिनक्समधल्या हायपरवायझरवरच्या पर्यायांकडे मोर्चा वळवला. या वाटेवर लाइव्ह मायग्रेशन नाही. साधने डेटा आधी नेऊन ठेवतात, पण शेवटी व्हीएम बंद करून दुसऱ्या हायपरवायझरवर सुरू करावाच लागतो. ही कामे सध्या रविवारी रात्री चालतात, आणि शक्यतो एप्रिलच्या आत उरकून घेतात.