एफआर-४ नेमकं कशाचं नाव?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कॉपर क्लॅड (तांब्याचा पातळ पत्रा चढवलेली शीट, जिच्यापासून पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, बनतो) मागितलं की समोरून प्रश्न येतो, ‘फिनोलिक की ग्लास इपॉक्सी?’ फिनोलिक म्हणजे तपकिरी, कागदाचं, स्वस्त. ग्लास इपॉक्सी फिकट पिवळसर-हिरवं, उजेडासमोर धरलं तर आतलं विणकाम दिसणारं. (पीसीबीचा गडद हिरवा रंग वरच्या संरक्षक थराचा, सोल्डर मास्कचा, शीटचा नव्हे.) याच शीटला पीसीबीवाले एफआर-४ म्हणतात, विजेचे पॅनेलवाले जी-१०, आणि वस्तू एकच आहे असं दोघंही धरून चालतात. घोळ तिथून सुरू होतो.

लॅमिनेटचा जन्म विजेच्या इन्सुलेशनसाठी झाला. बेकलाइट हे कृत्रिम रेझिन आल्यावर कागद आणि कापड रेझिनमध्ये मुरवून, दाबून शीट करू लागले. अभ्रकाला पर्याय, ‘फॉर मायका’, म्हणून एकाचं नाव पडलं फॉर्मायका. आपल्या ओट्याखालच्या कपाटांवरचं सनमायका याच घराण्यातलं. काचेचा अखंड धागा १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला, इपॉक्सी रेझिन त्यानंतरच्या दशकात. दोन्हींच्या जोडीतून जी-१० उभं राहिलं. जी म्हणजे ग्लास. ओल जवळपास न धरणारं आणि थंडीत न तडकणारं, इतकं की अतिवाहक चुंबकांच्या आधारांसाठी द्रव हेलियमच्या तापमानातही ते वापरतात. मशिनिंग करणाऱ्याला मात्र ते नकोसं वाटतं. साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिल थोड्याच भोकांत बोथट होतं, आणि धूळ हातावर बसली की दिवसभर खाज.

जी-१० जळतं, ही त्याची खोट. त्यावर तोडगा म्हणून १९६८ मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने एफआर-४ ही श्रेणी आणली. एफआर म्हणजे ज्वालारोधक. चार हा नुसता अनुक्रमांक. चार थर किंवा डायइलेक्ट्रिक स्थिरांक चार असे अर्थ लोक मागाहून लावतात. १ ते ३ कागदाच्या श्रेणी, ५ हा जी-११ या दुसऱ्या ग्लास-इपॉक्सी शीटचा ज्वालारोधक भाऊ. तेव्हा एफआर-४ हा पदार्थ नव्हेच, श्रेणी आहे : काचेचं कापड, इपॉक्सी, आणि आग लागली तर आपोआप विझणं. उभ्या पट्टीला दहा सेकंद ज्योत लावायची, काढायची, पुन्हा लावायची. दोन्ही वेळा दहा सेकंदांत विझली तर व्ही-० हा ज्वालारोधाचा दर्जा मिळण्याची आशा. ही किमया ब्रोमीनची. रेझिनच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ब्रोमीन, तोही वरून मिसळलेला नाही, रेणूतच बांधलेला.

उष्णतेत शीट कशी टिकेल, हे या नावात कुठेच नाही. चाळीसएक वर्षं ते कोणाला खटकलंही नाही, कारण टिन-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं. जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या शिशावर बंदी लागू झाली. तो नियम ‘ब्रोमीनबंदी’ म्हणून सांगितला जातो, पण त्याने ब्रोमीनची दोनच संयुगकुळं रोखली. एफआर-४ मधलं त्यांत नव्हतं. दणका बसला तो सोल्डरमुळे. नवं मिश्रण २१७ अंशांच्या पुढे वितळतं, सोल्डरिंगची भट्टी २४५-२६० अंशांपर्यंत चढवावी लागते. जुन्या शीटचं रेझिन १३०-१४० अंशांनाच मऊ पडू लागतं. त्यापुढे ती जाडीत भराभर फुगते, भोकांतला तांब्याचा मुलामा तडकतो, अडकलेल्या थोड्याशा ओलीचीही वाफ थर सोडवते आणि पीसीबीवर नखाएवढा फुगवटा उठतो. जास्त उष्णता सोसणारी रेझिनं आली, १७० अंशांची. नाव? एफआर-४. माझ्या मते नवा क्रमांक देण्याची वेळ तीच होती, आणि ती दवडली. दुसऱ्या एका मानकात उपक्रमांक आहेत, पण छोट्या ऑर्डरवर ते लिहितो कोण!

इकडे जी-१० या नावाने विकला जाणारा बराच माल प्रत्यक्षात एफआर-४ असतो, कारण ब्रोमीन नसलेल्याला वेगळं गिऱ्हाईक फार थोडं. चाकूच्या मुठीला त्याने फरक पडत नाही.

पुढे प्रमाणपत्र देणाऱ्या एका संस्थेने एफआर-४ चे दोन भाग केले, ४.० ब्रोमीनचं आणि ४.१ हॅलोजनविरहित (ब्रोमीन-क्लोरीनच्या कुळातलं काही नसलेलं). म्हणजे पुन्हा आगीच्याच हिशेबाने. १४० अंशांची आणि १७० अंशांची शीट अजूनही ४.० च.