वायुनिकास (रायफल)

काडतूस फुटल्यास मागे उसळणाऱ्या तप्त वायूपासून नेमबाजाचा चेहरा व डोळे वाचावेत, यासाठी रायफलच्या बोल्टमध्ये (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) आणि रिसीव्हरमध्ये (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा) केलेली रचना. बार उडताना चेंबरमधील, म्हणजे नळीच्या मागील टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीतील, दाब साधारणतः हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ३,५०० ते ४,००० पटींपर्यंत चढतो. त्या दाबाने काडतुसाचे पितळी कवच फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते व वायूची मागची वाट बंद होते. वायू अडवण्याची सारी भिस्त अशा रीतीने पातळ पितळेवर असते. दारू जास्त भरली गेली, पितळ नरम निघाले, नळीत अडथळा राहिला किंवा चुकीचे काडतूस बसले, तर कवच बुडाशी फाटू शकते. प्रायमरला (काडतुसाच्या बुडातील, आघाताने पेटणाऱ्या टोपीला) भोक पडून वायू फायरिंग पिनच्या (त्यावर आघात करणाऱ्या टोचणीच्या) छिद्रातून बोल्टच्या पोकळीत शिरणे हा त्यामानाने सौम्य प्रकार होय.

कागदी काडतुसांच्या काळात वायूची गळती नित्याचीच होती. १८६६ च्या फ्रेंच शास्पो रायफलमध्ये ती रबरी कडीने रोखली जाई. लेबेल रायफलच्या बोल्टला १८९३ च्या सुधारणेत वायू बाजूला वळवणारा आडोसा मिळाला.

या प्रश्नाचा सर्वांत विचारपूर्वक सोडवलेला नमुना म्हणजे जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारलेली माउझर रायफल. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो आणि बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवून धरणाऱ्या खटक्यांपैकी डावा ज्या खाचेतून सरकतो, ती खाच नेमकी त्याच्या चेहऱ्याकडे उघडते. रायफलचे रचनाकार पाउल माउझर यांनी ही खाच बुजवली नाही, तर तिचा उपयोग करून घेतला: बोल्टच्या पुढील भागातील दोन मोठ्या लांबट छिद्रांतून वायू खाचेत उतरतो, काडतुसे दाबून भरताना अंगठ्याला जागा म्हणून रिसीव्हरच्या डाव्या भिंतीत ठेवलेल्या कापातून बराचसा बाहेर पडतो आणि उरलेला बोल्टच्या मागील रुंद कडेवर आपटून बाजूला फेकला जातो. पुढचे दोन खटके तुटलेच, तर बोल्ट मागे येऊ नये म्हणून तिसरा खटकाही आहे.

अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलने माउझरकडून बरेच काही उचलले, पण ती रुंद कड घेतली नाही. तिच्या नळीचे मागील तोंड शंकूसारखे असल्याने कवचाचा बुडखाही अधिक उघडा राही. त्यातच कारखान्यात पोलाद किती तापले हे कारागीर त्याच्या रंगावरून ठरवीत. लख्ख उन्हात ते असते त्याहून कमी तापलेले दिसे, म्हणून जादा तापवले जाई व ठिसूळ होई. अशा रिसीव्हरमध्ये काडतूस फुटले की वायूबरोबर पोलादाचेही तुकडे उडत. १९१८ मध्ये उष्णता-प्रक्रिया बदलण्यात आली. स्प्रिंगफील्ड कारखान्याचे ८,००,००० च्या आतील क्रमांकांचे रिसीव्हर आजही संशयास्पद मानले जातात. या अपघातांचा अभ्यास करणारे लष्करी अधिकारी ज्युलियन हॅचर यांचे नाव पुढे रिसीव्हरच्या डाव्या बाजूस पाडलेल्या निकास-छिद्राला मिळाले.

रेमिंग्टन कंपनीने १९४८ च्या ७२१ रायफलमध्ये कवचाचा बुडखा बोल्टच्या खोलगट तोंडात पूर्ण बसवून वायूला फट कमीत कमी ठेवली. तरीही आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ न फुटणारा चष्मा वापरण्याची शिफारस करतो, कारण वायूबरोबर सुटणारे पितळेचे कण आखून दिलेल्या वाटेनेच जातील याची खात्री नसते.