वस्तीचा आकडा : १२०, ४५ की १९५?

अमेरिकेत घर शोधताना संकेतस्थळांवर वस्तीनिहाय रंगीत नकाशे दिसतात. इथे उत्पन्न जास्त, तिथे भाडेकरू जास्त, पलीकडे बिनगाडीची घरं जास्त. जनगणनेच्या वेळी घरोघरी विचारून हे सगळं मोजलेलं असणार, अशी पाहणाऱ्याची समजूत होते. पण २०२० च्या जनगणनेत प्रश्न मोजकेच होते: घरात माणसं किती, वय, लिंग, वंश, आपसातलं नातं, घर मालकीचं की भाड्याचं. उत्पन्न, शिक्षण, घरात बोलली जाणारी भाषा, दारातल्या गाड्या ही माहिती 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' या नमुना पाहणीतून येते. २००५ पासून ती बाराही महिने चालते आणि वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर पोचते. म्हणजे नकाशावरचा गडद रंग हा अंदाज असतो.

कॅलिफोर्नियातली सांता क्लारा काउंटी घेऊ. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. २०२० मध्ये तिची लोकसंख्या १९ लाख ३६ हजार होती. सॅन होजे आणि पालो आल्टो तिच्यात येतात, तसंच दक्षिण टोकाचं, लसणासाठी प्रसिद्ध असलेलं गिलरॉयही. सार्वजनिक आरोग्य, इस्पितळं, समाजकल्याण, तुरुंग, निवडणुका ही काउंटीची कामं. अख्ख्या काउंटीचं मध्यक उत्पन्न (अर्धी कुटुंबं ज्याच्या वर आणि अर्धी खाली असतात ते) देशात सर्वांत वरच्यांपैकी आहे, पण फिरता दवाखाना कुठे उभा करायचा हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी सेन्सस ट्रॅक्टपर्यंत उतरावं लागतं. ट्रॅक्ट म्हणजे साधारण ४,००० माणसांचा तुकडा. कमीत कमी १,२००, जास्तीत जास्त ८,०००. ही कल्पना वॉल्टर लेडलॉ यांनी १९०६ मध्ये न्यूयॉर्कसाठी मांडली. वॉर्डांच्या हद्दी वारंवार हलत, त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची तुलनाच होईना.

ट्रॅक्ट लहान, म्हणून नमुनाही लहान. त्यामुळे ट्रॅक्टसाठी एका वर्षाचे आकडे प्रसिद्धच होत नाहीत. ते फक्त ६५,००० किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या भागांसाठी असतात. ट्रॅक्टसाठी पाच वर्षांची उत्तरं एकत्र करतात. '२०१८–२०२२' असा आकडा २०२२ ची स्थिती सांगत नाही. त्यात कोविडपूर्वीचे महिनेही आहेत आणि टाळेबंदीचेही.

आता खरी गंमत. समजा, एका ट्रॅक्टमध्ये गाडी नसलेली घरं १२० ± ७५ अशी दिली आहेत. मागचा ७५ म्हणजे मार्जिन ऑफ एरर (पुढे नुसतं 'मर्यादा'), ९० टक्के विश्वासपातळीचा. खरा आकडा बहुधा ४५ ते १९५ च्या दरम्यान आहे, इतकंच त्यातून कळतं. ७५ ला १.६४५ ने भागलं की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळते, सुमारे ४६. ती १२० च्या ३८ टक्के भरते. ही टक्केवारी १२ च्या आत असेल तर आकड्यावर निर्धास्त विसंबावं. १२ ते ४० मध्ये जपून. ४० च्या पुढे गेली तर त्या एकट्या आकड्यावर पैसा खर्च करू नये. शेजारच्या ट्रॅक्टमध्ये २१० ± ८० आहेत, म्हणून तिथली गरज मोठी म्हणायची का? फरक ९० चा, पण फरकाची मर्यादा ८० आणि ७५ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे ११०. फरक मर्यादेहून लहान. नकाशावर मात्र या दोन ट्रॅक्टना वेगवेगळे रंग मिळतात.

यावर उपाय ट्रॅक्ट जोडण्याचा. एकमेकांना लागून असलेले चार घ्या: १२० ± ७५, ९० ± ६०, १५० ± ८०, ६० ± ५०. एकूण घरं ४२०. मर्यादांची सरळ बेरीज २६५ होते, पण ती चूक आहे. एका ट्रॅक्टचा अंदाज वर गेला असेल तर दुसऱ्याचा खाली आलेला असू शकतो आणि चुका एकमेकींना काही अंशी खोडतात. चारही अंदाज एकाच वेळी एकाच बाजूला पूर्ण झुकणं दुर्मीळ. म्हणून प्रत्येक मर्यादेचा वर्ग करायचा (५६२५, ३६००, ६४००, २५००), बेरीज करायची (१८,१२५) आणि वर्गमूळ काढायचं: १३५. आकडा साडेतीन पट झाला, मर्यादा दुपटीलाही पोचली नाही. प्रमाण त्रुटी ३८ वरून साडेएकोणीस टक्क्यांवर आली. एक खाचखळगा लक्षात ठेवा: काही ट्रॅक्टमध्ये अंदाज शून्य असतो, पण त्यालाही मर्यादा दिलेली असते. असे अनेक शून्य जोडताना त्यांतली सर्वांत मोठी मर्यादा एकदाच धरायची, नाहीतर एकूण मर्यादा विनाकारण फुगते. शिवाय हे सूत्र ट्रॅक्टमधला परस्परसंबंध धरत नाही, त्यामुळे मोजक्या ट्रॅक्टसाठी ठीक, शंभरांसाठी कच्चं.

कोणते ट्रॅक्ट जोडायचे हे आकडे उघडण्यापूर्वी ठरवा. हद्द थोडी सरकवली की तीच वस्ती गरीब किंवा सुखवस्तू दिसू शकते, आणि हवं ते उत्तर मिळेपर्यंत हद्दी सरकवणं ही फसवणूक आहे. 'एआयने शोधलेली पुढची तेजीची वस्ती' विकणाऱ्या जाहिरातींनाही हीच मोजपट्टी लावा. ज्या घरांना कोणी प्रश्नच विचारला नाही, त्यांची उत्तरं कुठलंही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. जाहिरातीत मर्यादा छापली नसेल तर तो आकडा वापरू नका.

मध्यक उत्पन्नाची बेरीज-सरासरी तर कधीच करू नका. चार ट्रॅक्टच्या मध्यकांची सरासरी हा एकत्रित भागाचा मध्यक नसतो. त्यासाठी याच पाहणीतला बी१९००१ हा तक्ता घ्यायचा. त्यात कुटुंबं उत्पन्नाच्या १६ गटांत विभागलेली असतात. चारही ट्रॅक्टचे गट जोडायचे, अर्धी कुटुंबं ज्या गटात पूर्ण होतात तो शोधायचा आणि त्या गटातली जितकी कुटुंबं अजून हवीत, त्या प्रमाणात गटाच्या खालच्या टोकापासून पुढे सरकायचं. अडीच लाख डॉलरच्या वरचा मध्यक नुसता 'अडीच लाखांहून अधिक' असाच छापतात. पालो आल्टोकडच्या भागात ही अडचण येते. विद्यापीठाजवळ गरिबीचा आकडाही तपासून घ्यावा. वसतिगृहातले विद्यार्थी त्यात धरत नाहीत, पण बाहेर खोली घेऊन राहणारे धरतात आणि त्यांचं उत्पन्न कागदावर नगण्य असतं.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो एका क्षुल्लक गोष्टीपायी. प्रत्येक ट्रॅक्टला ११ अंकी क्रमांक असतो: राज्याचे २, काउंटीचे ३, ट्रॅक्टचे ६. कॅलिफोर्नियाचा क्रमांक ०६, सांता क्लाराचा ०८५. एक्सेलमध्ये फाइल थेट उघडली की पहिलं शून्य गळतं, क्रमांक दहा अंकी होतो आणि नकाशाशी जुळत नाही. सगळे ट्रॅक्ट कोरे दिसतात. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' म्हणून आयात करा. आणि २०१० शी तुलना करत असाल तर दुभंगलेले ट्रॅक्ट शोधा: लोकसंख्या वाढली की एका ट्रॅक्टचे शेवटी .०१ आणि .०२ लावून दोन होतात. त्यांना परत जोडल्याशिवाय वाढ मोजली तर जुनी वस्ती एकाएकी ओस पडल्यासारखी दिसते.