‘अडीच एमएमची वायर’ अडीच मिमी जाड नसते
रत्नागिरी-राजापूरकडे विहिरीच्या पंपाला केबल घेताना सगळेच ‘अडीच एमएमची द्या’ म्हणतात, आणि मग बारावीची पोरं गणितात तोच आकडा व्यास म्हणून टाकतात नि उत्तर चुकतं. अरे, तो 2.5 म्हणजे चौरस मिलिमीटर, आतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ! एकसंध तार असेल तर व्यास साधारण 1.78 मिमीच भरतो.

‘जाडी दुप्पट तर रेझिस्टन्स (वायर विजेला करते तो अडथळा) निम्मा’ हेही असंच वर्षानुवर्षं चालत आलंय. क्षेत्रफळ दुप्पट केलं तर निम्मा, ते बरोबरच आहे, पण व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि रेझिस्टन्स पाव.

आता करूनच बघा. बागेतली विहीर घरापासून 100 मीटर, करंट जातो तसा परतही येतो म्हणून लांबी 200 धरायची (हे तर हमखास विसरतात), तांब्याची रोधकता (त्या धातूचा विजेला मूळचाच किती अडथळा, तो आकडा) 1.7 × 10⁻⁸ ओहम-मीटर, गुणिले 200, भागिले 2.5 × 10⁻⁶, रेझिस्टन्स आला 1.36 ओहम, म्हणजे 10 अँपिअरला 13.6 व्होल्ट वायरीतच गेले. तेच 2.5 मिमी व्यास धरून केलंत तर 0.69 ओहम येतात, जवळजवळ निम्मेच.