तेलाच्या टाकीत पाणी शिरलं तेव्हा

१९४० साली शिकागोच्या ग्लिडन कंपनीत पर्सी ज्युलियन या रसायनशास्त्रज्ञाला फॅक्टरीतून फोन आला, की सोयाबीन तेलाच्या मोठ्या टाकीत पाणी शिरलंय, तळाशी पांढरट काहीतरी साचलंय, माल बहुतेक गेलाच. घरी तेलाच्या डब्यात ओला चमचा बुडवला तरी आई ओरडते, इथे तर एक लाख गॅलनची टाकी होती, म्हणजे पावणेचार लाख लीटरच्या वर. दुसऱ्या कुणी ते तेल कसं वाचवायचं किंवा कुठे ओतायचं याचाच विचार केला असता. ज्युलियनने मात्र तो पांढरा थर ओळखला, कारण तसंच काहीतरी त्याने काही वर्षांपूर्वी बघितलं होतं, आणि तेही सोयाबीनमध्ये नाही, एका विषारी बीमध्ये.

ती बी म्हणजे कॅलाबार बीन. पश्चिम आफ्रिकेतली. तिकडे पूर्वी आरोपीला ही बी खायला द्यायचे, ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. आपल्याकडे उकळत्या तेलात हात घालून दिव्य करायला लावायचे ना, त्यातलाच प्रकार. पण याच बीमधलं फायसोस्टिग्मिन नावाचं द्रव्य अगदी थोडं डोळ्यात घातलं की बाहुली आकसते, बुबुळाच्या आतला द्रव (अश्रू नव्हे) बाहेर जायची वाट मोकळी होते आणि आतलं प्रेशर कमी होतं. म्हणजे काचबिंदूचं औषध. पण ते बीमधूनच काढायला लागायचं, लॅबमध्ये मुळापासून कुणाला नीट बनवता येत नव्हतं.

ज्युलियन तिथपर्यंत कसा पोचला ते सांगायलाच हवं. जन्म १८९९, अलाबामातलं माँटगोमेरी. आजोबा गुलामीत वाढलेले, लिहायला शिकले म्हणून त्यांची दोन बोटं कापली होती. गावात काळ्या मुलांना आठवीच्या पुढे धड सरकारी शाळा नाही, त्यामुळे इंडियाना राज्यातल्या डीपॉ कॉलेजात गेल्यावर हा एकीकडे कॉलेज आणि दुसरीकडे हायस्कूलचे राहिलेले विषय असं दोन्ही करत होता. होस्टेलमध्ये जागा नाही, म्हणून गोऱ्या मुलांच्या एका घराच्या माळ्यावर झोपायचा आणि त्या बदल्यात त्यांची भट्टी पेटवायची. १९२० ला वर्गात पहिला आला. हार्वर्डमधून मास्टर्स केलं, पण गोरी पोरं काळ्या शिक्षकाकडून शिकणार नाहीत म्हणून तिथली शिकवायची नोकरी गेली. पीएचडी शेवटी व्हिएन्नात झाली, १९३१ मध्ये.

मग परत डीपॉ, आणि फायसोस्टिग्मिन. सोबत व्हिएन्नाचा मित्र योसेफ पिकल. समोर कोण, तर ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन, ज्यांना पुढे १९४७ मध्ये नोबेल मिळालं. रॉबिन्सन यांच्या टीमने या औषधाच्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा बनवल्याचं आधीच छापलं होतं आणि ज्युलियनचा पदार्थ त्यांच्याशी जुळेना. आता अशा वेळी आपण काय करतो, आपलंच चुकलं असणार म्हणून गप्प बसतो. याने रीतसर छापून सांगितलं की ऑक्सफर्डवाल्यांचा पदार्थ तो नव्हेच. तेव्हा पदार्थ ओळखायची मोठी कसोटी म्हणजे द्रवणांक, बीमधून काढलेला पदार्थ आणि तुम्ही बनवलेला पदार्थ एकाच तापमानाला वितळायला हवेत. १९३५ मध्ये ज्युलियनने पूर्ण औषध बनवून दाखवलं आणि तोच बरोबर निघाला. (मला हा भाग टाकीपेक्षाही भारी वाटतो, खरं सांगायचं तर.)

याच कामात एकदा कॅलाबारचं तेल धुऊन ठेवलेलं असताना त्यात पांढरे स्फटिक बसलेले त्याने पाहिले होते. ते होतं स्टिग्मास्टेरॉल, वनस्पतींत सापडणारा एक पदार्थ. औषधाशी संबंध नाही, पण डोक्यात राहिलं.

एवढं करूनही कॉलेजने प्रोफेसर केलं नाही. ड्युपाँट कंपनीने पिकलला नोकरी देऊ केली, ज्युलियनला नाही. विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावातलं एक काम असंच गेलं, कारण त्या गावात काळ्या माणसाने रात्री मुक्काम करायचा नाही असा नियमच होता. शेवटी ग्लिडनने, म्हणजे मुळात रंग बनवणाऱ्या कंपनीने, त्याला १९३६ मध्ये थेट सोयाबीन विभागाचा रिसर्च डायरेक्टर केलं. तिथे त्याने सोयाबीनचं प्रोटीन वेगळं काढलं, ते कागदाला गुळगुळीत थर द्यायला वापरलं गेलं, शिवाय युद्धात जहाजांवर तेलाच्या आगी विझवायचा फेस त्यातूनच बनला. नौदलातले लोक त्याला बीन सूप म्हणायचे.

आता त्या पांढऱ्या थराकडे. आपल्या शरीरातली बरीच हार्मोन्स एकाच साच्यातली असतात, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, सगळी. चार कड्या एकमेकींना चिकटलेल्या, तीन सहा कोनी आणि एक पाच कोनी, अंगणातल्या फरशांसारख्या. फरक कडेला काय लटकतंय एवढाच. ही चौकट मुळापासून बांधणं तेव्हा जिकिरीचं होतं, म्हणून जनावरांपासून काढायचे. जर्मनीत ५०,००० डुकरिणींच्या अंडाशयांतून फक्त २० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन मिळालं होतं. चिमूटभर पण नाही.

स्टिग्मास्टेरॉलमध्ये ही चार कड्यांची चौकट आयती तयार असते, वर एक लांब शेपूट असतं आणि त्या शेपटात एक दुहेरी बंध. ओझोन नेमका तिथेच घाव घालतो, शेपूट तुटतं, आणि पुढे थोडी रासायनिक कारागिरी केली की प्रोजेस्टेरॉन. हे जर्मनांनी १९३४ मध्येच दाखवलं होतं, अडचण होती ती कच्च्या मालाची. तो कच्चा माल आता टाकीच्या तळाशी पडला होता, पाणी मिळाल्यावर आपोआप तेलातून बाजूला झालेला. त्याच वर्षी ज्युलियनने अपजॉन या औषध कंपनीला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम प्रोजेस्टेरॉन पाठवलं, किंमत ६३,५०० डॉलर. गर्भपात होऊ नये म्हणून तेव्हा डॉक्टर ते वापरायला लागले होते.

बरं, त्याच्या नावाने जे फॉरवर्ड फिरतात त्यात कॉर्टिझोन, म्हणजे कॉर्टिसॉलच्या अगदी जवळचं हार्मोन, यानेच शोधलं असं असतं. तसं नाहीये. संधिवातावर कॉर्टिझोन चालतं हे मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दाखवलं आणि ते आधी बैलांच्या पित्तापासून छत्तीसेक पायऱ्या चढून बनायचं. ज्युलियनने कॉर्टिसॉलपेक्षा फक्त एक ऑक्सिजन कमी असलेला पदार्थ स्वस्तात बनवायची वाट काढली. तो एक ऑक्सिजन योग्य जागी बसवायचं काम पुढे १९५२ मध्ये अपजॉनच्या लोकांनी चक्क बुरशीकडून करून घेतलं. त्याचं श्रेय एवढं आहे, आणि ते भरपूर आहे, उगाच फुगवायची गरज नाही.

१९५० मध्ये एका पेपरने त्याला शिकागोकर ऑफ द इयर ठरवलं. त्याच वर्षी त्याने ओक पार्क या गोऱ्या वस्तीत घर घेतलं आणि राहायला जायच्या आधीच कुणीतरी ते पेटवायला बघितलं. पुढच्या वर्षी डायनामाईट फेकला. बाप आणि पोरगा रात्री घराबाहेर पहारा द्यायचे. ते गेले नाहीत तिथून.

१९५३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली, एका मालाचं उत्पादन चौपट झाल्यावर त्याचा भाव किलोमागे ४,००० डॉलरवरून ४०० वर आणला आणि १९६१ मध्ये ती कंपनी २३ लाख डॉलरला विकली. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीत १९७३ मध्ये घेतलं, तोवर वय ७४.

आणि लातूरच्या मार्केटला सोयाबीनचा भाव काय फुटला हे बघणाऱ्यांसाठी एक गंमत. सोयाबीनमध्ये स्टिग्मास्टेरॉलपेक्षा जास्त असतं ते सिटोस्टेरॉल, चौकट तीच, पण शेपटात दुहेरी बंध नाही, म्हणजे घाव घालायला जागाच नाही, त्यामुळे ज्युलियनच्या वेळी ते निरुपयोगी पडून राहायचं. आता एका जातीचे बॅक्टेरिया त्यात सोडतात. ते शेपूट खातात, कड्या तशाच ठेवतात आणि त्या कड्यांपासून स्टेरॉइडची औषधं बनतात.