मांजर गाभण आहे का? पोट सगळ्यात शेवटी सांगतं

"काय ओ, तुमची मांजर लई सुटली की अंगानं!" शेजारचं कुणीतरी असं म्हणेपर्यंत बऱ्याच घरांत पत्ताच नसतो. तोवर निम्मे दिवस उलटून गेलेले असतात. मांजरीचा गर्भकाळ साधारण 63 ते 65 दिवसांचा. पोट बाहेरून दिसायला लागतं ते पाचव्या आठवड्याच्या आसपास. पोटावरच भिस्त ठेवली तर हाताशी जेमतेम महिना उरतो.

हिशेब धरायचा तो रात्रीच्या ओरडण्यापासून. माजावर आलेली भाटी, म्हणजे मांजरीण, घसा ताणून ओरडते, फरशीवर गडबडा लोळते, पाठीवर हात ठेवला की पुढचं अंग टेकून मागचा भाग वर उचलते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हिच्या पोटात दुखतंय. गाईच्या शरीरात बीजांड ठरलेल्या वेळी आपोआप सुटतं. मांजरीत ते सुटण्यासाठी सहसा बोक्याशी संग व्हावा लागतो. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. संगाच्या वेळी होणारी उत्तेजना मेंदूपर्यंत पोचते, तिथून संप्रेरकाची लाट येते आणि साधारण 24 ते 48 तासांत बीजांडं सुटतात. एकाच संगानं हे घडेल असं नाही, म्हणून भाटी पुन्हापुन्हा संग करते, तोही वेगवेगळ्या बोक्यांशी. एका वेताच्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात. 'एकाच वेतात इतक्या रंगांची पिल्लं कशी?' यावर गल्लीत जी चर्चा रंगते, तिचं एक उत्तर इथं आहे.

माज कधी येणार हे दिवसाच्या उजेडावर ठरतं. थंड देशांत हिवाळ्यात दिवस फार लहान होतो आणि मांजरींचा माज थांबतो. सोलापुरात मोठ्यात मोठा दिवस 13 तासांच्या थोडा वर आणि लहानात लहान 11 तासांचा, म्हणजे फरक अवघा दोन तासांचा. शिवाय शरीराला ट्यूबलाइटचा उजेडही चालतो. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये रात्रपाळीला जळणाऱ्या दिव्यांखाली वावरणाऱ्या भाटीला हिवाळा कसा कळावा? तेव्हा 'आता थंडीत काही होत नाही' म्हणून निर्धास्त राहू नये. सहा महिन्यांची, आपल्याला अजून पिल्लूच वाटणारी मांजरही गाभण राहू शकते.

पहिली डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे सड. संगानंतर तिसऱ्या आठवड्यात ते किंचित फुगतात, ठळक गुलाबी होतात आणि भोवतालचे केस थोडे विरळ दिसतात. पहिलटकरणीत हा बदल चटकन नजरेत भरतो. एकदोन वेत झालेल्या मांजरीचे सड आधीच मोठे असल्यानं फसगत होते. याच सुमारास एखादी मांजर दोनचार दिवस खाणं टाकते, क्वचित उलटी करते, आणि पुढे तिची भूक वाढते.

मात्र सडांवरूनही शंभर टक्के सांगता येत नाही. बीजांडं सुटली पण गर्भ धरला नाही, तर साधारण सहा आठवडे खोटा गर्भ राहू शकतो. तेव्हाही ओरडणं बंद होतं आणि सड फुगू शकतात. खात्री हवी तर जनावरांच्या डॉक्टरकडेच जावं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांच्या सरावलेल्या बोटांना गर्भाशयात ओवलेल्या मण्यांसारख्या गाठी लागतात. घरी हा प्रयोग करू नये, दाबल्यानं गर्भाला इजा होते. सोनोग्राफीत चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लांच्या काळजाचे ठोके दिसतात. पिल्लं किती, हे मोजायला एक्स-रे बरा, पण हाडं धरायला साधारण 45 दिवस जावे लागतात. मेडिकलमधून बायकांसाठीचं किट आणून उपयोग नाही: ते ज्या संप्रेरकाचा शोध घेतं, ते मांजरीच्या शरीरात तयारच होत नाही.

पोट फुगलं म्हणजे पिल्लंच, असंही नाही. जंत असतात, पोटात पाणी होतं. सगळ्यात घातक म्हणजे गर्भाशयात पू होणं. माजानंतर काही आठवड्यांत मांजर मलूल झाली, सारखं पाणी प्यायला लागली, मागून घाण वासाचा स्राव आला, तर उद्यावर ढकलू नका. आणि गाभण असल्याचा नुसता संशय असला तरी लस किंवा जंताचं औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना तसं सांगा. काही जिवंत विषाणूंच्या लशींनी गर्भातल्या पिल्लांच्या मेंदूला कायमची इजा होते.

शेवटच्या आठवड्यात ती जागा शोधत फिरते. घडी घातलेल्या सोलापुरी चादरींची चळत दिसली की तिची निवड झालीच म्हणून समजा. तिला एक जुनी चादर खोक्यात घालून द्या, पण एप्रिल-मेमध्ये ते खोकं पत्र्याखाली ठेवू नका. पारा चाळिशीपार जातो तेव्हा तिथं भट्टी होते. व्यायच्या आदल्या दिवशी अंगाचं तापमान अंशभर उतरतं, खाणं सुटतं. जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आलं नाही, किंवा रक्त फार जाऊ लागलं, तर थेट दवाखाना गाठा.

व्यायल्यावर काही आठवड्यांतच, पिल्लं अंगावर पीत असतानाही, ती पुन्हा माजावर येऊ शकते. पुढचं वेत नको असेल तर पिल्लं दूध तोडेपर्यंत तिला घरातच ठेवा आणि शस्त्रक्रियेची तारीख आधीच घेऊन ठेवा.